अकरावा प्रश्न

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात तीन नंबरच्या टेबलावर बसून फोन घेणाऱ्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत शिकवायला ती कधीच गेली नव्हती. पण फोनवर कुणाला छाती दाबायला सांगायची वेळ आली, की ती ‘एक, दोन, तीन, चार’ असं इतक्या खणखणीत आवाजात मोजायची की शेजारच्या खोलीत डबा खाणारे ड्रायव्हरसुद्धा त्याच तालावर घास चावायला लागत. सोळा वर्षं ती हे काम करत होती. माणूस कोसळला आणि हृदय थांबलं की पहिली पाच-सात मिनिटं घरच्यांच्या हातात असतात. गाडी पोचेपर्यंत त्या हातांना कामाला लावायचं, बाकी सगळं नंतर, असं तिचं साधं गणित होतं.

मग साथ आली. साध्या खोकल्यासारखी सुरू होऊन बघता बघता फुप्फुसांत उतरणारी. दहा-बारा दिवसांत माणसं सख्ख्या भावाशीही दाराआडून बोलायला लागली. नियंत्रण कक्षात मात्र साथीच्याही आधी परिपत्रकं आली.

ती काढायचे उपप्रमुख साहेब. त्यांच्या माघारी त्यांना ‘परिशिष्ट’ म्हणत, कारण पुरवणी जोडल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटतच नसे. पाण्याच्या कूलरशेजारी ग्लास उपडे ठेवावेत, एवढं सांगायला त्यांनी एकदा जे पत्रक काढलं त्याला परिशिष्टं होती पाच, आणि पाचव्यात ‘उपडे’ या शब्दाची व्याख्या होती. माणूस वाईट नव्हता. गाडीवरचे दोन उपचारक संसर्गाने आजारी पडले तेव्हा साहेबांना खरोखर झोप लागेना. आपल्या माणसांना काही होता कामा नये, आणि फोनवर आपण सांगितलं म्हणून कुणी रुग्णाला हात लावला नि त्याला काही झालं तर ते खापर कार्यालयावर फुटता कामा नये, असं त्यांनी मनावर घेतलं. तीन संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले. त्यांची बायको ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेली. ती समोर बसून क्रम लावून देत होती. त्यातून ‘संसर्गपूर्व पृच्छा नमुना’ तयार झाला. एकूण प्रश्न चौदा.

पहिले दहा साथीबद्दल होते. ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का, घरी कोण येऊन गेलं, घरात दुसरं न्हाणीघर आहे का. अकरावा होता, रुग्ण शुद्धीवर आहे का. बारावा, श्वास चालू आहे का. तेराव्यात फोन करणाऱ्याची तब्येत विचारायची आणि चौदाव्यात ‘मला धोका समजला आहे’ असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. गाडी पत्ता मिळाल्याबरोबर निघणार होती, तेवढी सोय साहेबांनी ठेवली होती. पण छाती कशी दाबायची ते चौदावं उत्तर लिहून झाल्यावरच सांगायचं.

नमुना लागू झाला त्याच दिवशी दुपारी मास्तरणीला एक फोन आला. एका माणसाचे वडील स्वयंपाकघरात कोसळले होते. ती विचारत गेली. तो बिचारा धापा टाकत उत्तरं देत गेला. आठव्या प्रश्नाला, म्हणजे गेल्या चौदा दिवसांत घरी पाहुणे आले होते का, तो म्हणाला, “बाई, पाहुण्यांचं नंतर सांगतो. मी आता काय करू तेवढं सांगा ना.”

“सांगते. न्हाणीघरं किती आहेत?”

हे शब्द आपल्याच तोंडातून बाहेर पडले याची तिला नंतर कितीतरी दिवस शरम वाटत राहिली. चौदावं उत्तर लिहून ‘आता गुडघ्यांवर बसा’ म्हणेपर्यंत पावणेतीन मिनिटं गेली होती. गाडी पोचल्यावर खाली उभं राहून, यादीवर खुणा करत, संरक्षक पोशाख चढवायला उपचारकांना आणखी सहा मिनिटं लागली. ती यादीही साहेबांचीच, परिशिष्ट इ. म्हातारबुवा गेले.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली.

“साहेब, नमुना भरायला पावणेतीन मिनिटं लागतात. तेवढ्यात माणूस संपतो.”

साहेबांनी मनापासून विचार केला. मग म्हणाले, “तुमचा वाचण्याचा वेग वाढवता येईल का?”

आठवड्याभरात सगळ्यांसाठी जलद वाचनाचं प्रशिक्षण लागलं. बाहेरून एक गृहस्थ आले. त्यांनी सगळ्यांना जिभेचे व्यायाम शिकवले आणि मास्तरणीचा वेळ दोन मिनिटं दहा सेकंदांवर आणून दाखवला. फक्त समोरच्याला एकही प्रश्न कळत नसे, त्यामुळे प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागे. मास्तरणीने मोठ्या साहेबांना लेखी कळवलं. ‘आपली सूचना स्वागतार्ह असून नोंद घेण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. सोबत सूचना कशा पाठवाव्यात याचं परिशिष्ट होतं, आणि त्याप्रमाणे पाहता तिची सूचना चुकीच्या आकाराच्या कागदावर होती.

गाडीवर जाणाऱ्यांपैकी तिचं जमायचं ते लांब्याशी. साडेसहा फुटांचा उपचारक, संरक्षक पोशाखात मावत नसल्यामुळे मनगटं कायम उघडी. एकदा जिन्यावर बसून चहा पिताना तिने त्याला विचारलं, “आधी शंभरातली दहा-बारा माणसं तरी घरी परत जायची. आता चार-पाचसुद्धा जात नाहीत. सगळा दोष त्या चौदा प्रश्नांचाच का?”

“सगळा नाही,” लांब्या म्हणाला. “लोक दवाखान्याला घाबरून दोन-दोन दिवस छातीतलं दुखणं अंगावर काढतात. शेजारी दार उघडत नाहीत. आणि ज्यांच्या अंगात हा आजार आहे त्यांची फुप्फुसं आधीच गेलेली असतात. प्राणवायू कमी पडून पडून हृदय थांबतं. अशा हृदयाला शॉक देऊन उपयोग नसतो. शॉक लागू पडायला आत निदान थरथर तरी असावी लागते. इथे सगळं सपाट.”

“म्हणजे आपण काही केलं तरी तेच.”

“तसं नाही. दहांतला एक वाचणारा असतो. तो कोण ते आधी कळत नाही, म्हणून दहांनाही दाबायचं. आपण त्या एकाला न्हाणीघरं मोजायला लावतो.”

मास्तरणीने उरलेला चहा कुंडीत ओतला आणि जाग्यावर जाऊन बसली. नोकरी टिकवायची होती. ती प्रश्न विचारत राहिली.

महिनाभराने साहेबांना स्वतःलाच खोकला सुरू झाला. ते घरी राहिले, पण कामात खंड पडू दिला नाही. अंथरुणात बसून त्यांनी पाच दिवसांत चार पत्रकं काढली. तपासणी मात्र केली नाही. लक्षणं असलेल्या कर्मचाऱ्याने तपासणीपूर्वी उपप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम होता, आणि स्वतःच स्वतःला परवानगी देणं त्यांना प्रशस्त वाटेना. मोठ्या साहेबांकडे त्यांनी मार्गदर्शन मागवलं होतं. उत्तराची वाट बघत होते.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मास्तरणीचा फोन वाजला. बाईचा आवाज होता, घाबरलेला, पण शब्द अगदी नीट.

“नमस्कार. मी तुमच्या उपप्रमुखांची पत्नी बोलतेय. पत्ता लिहून घ्या.” तिने पत्ता सांगितला, मजला सांगितला, लिफ्ट चालू असल्याचं सांगितलं. “आता नमुन्याकडे येते. प्रश्न एक, ताप आहे. प्रश्न दोन, खोकला आहे, कोरडा. प्रश्न तीन...”

मास्तरणीने एका हाताने गाडी सोडली. गाडीवर लांब्या होता. “वहिनी, थांबा. साहेबांना झालंय काय?”

“खुर्चीतून खाली घसरले. कागदावर सही करत होते. मी क्रमाने सांगते, म्हणजे काही राहायला नको.”

“ते शुद्धीवर आहेत का?”

“तो अकरावा प्रश्न आहे.”

“वहिनी, अकरावाच आधी सांगा.”

आयुष्यभर ज्या बाईने एकही पुस्तक दुसऱ्याच्या जागी ठेवलं नव्हतं, तिला तीनवरून अकरावर उडी मारणं किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच माहीत.

“नाहीत,” ती म्हणाली. “हाका मारल्या, हलवलं. उठत नाहीत.”

“श्वास?”

“घोरल्यासारखा आवाज येतोय. मधूनमधून. म्हणजे बाराव्याचं उत्तर ‘हो’ असं लिहायचं ना?”

“नाही. तो श्वास नाही, वहिनी. हृदय थांबलंय. फोनचा स्पीकर लावा, फोन जमिनीवर ठेवा आणि त्यांना पाठीवर सरळ झोपवा.”

“पण चौदाव्यानंतर ना? त्याआधी तुम्ही सूचना देऊ शकत नाही. मीच तर ते टाइप केलंय.”

मास्तरणीच्या पडद्यावर चौदा रिकामे चौकोन लुकलुकत होते. आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी मंदावली होती. सगळ्यांना कळलं होतं फोन कुठून आलाय. ती शांतपणे म्हणाली, “वहिनी, नमुना मी नंतर भरते. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. तुम्ही त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसा.”

“आणि संसर्ग? त्यांनी लिहिलंय, तीन पावलं लांब...”

“पाच दिवस कुठे झोपलात?”

“ह्यांच्याच खोलीत. रात्री पाणी द्यायला कुणी नको का?”

“मग जो संसर्ग यायचा तो आलाय. त्यांच्या नाकातोंडावर एक पातळ टॉवेल टाका. तोंडाने श्वास द्यायचा नाही. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या बरोबर मधोमध. दुसरा हात त्याच्यावर. कोपर ताठ. आता अंगाचा सगळा भार टाकून दाबा आणि सोडा. माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार.”

कक्षात तोच खणखणीत आवाज घुमला. पलीकडून बाईचा आवाज त्यात मिसळला, आधी कापरा, मग घट्ट. अर्ध्या मिनिटात ती थांबली.

“काहीतरी मोडलं. कडकन आवाज आला.”

“बरगडी असेल. ती जुळते. थांबू नका.”

“त्यांना दुखत असेल हो.”

“दुखायला लागलं तर फार चांगलं. एक, दोन, तीन, चार.”

चार मिनिटं झाली, पाच झाली. वहिनी दमल्या. “माझे हात गेले,” त्या म्हणाल्या. मास्तरणीने विचारलं, “शेजारी कोणी आहे?” वहिनी म्हणाल्या, “समोरचे आहेत, पण ते आता येत नाहीत. ह्यांचंच पत्रक जिन्यात लावलंय, दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नये म्हणून.”

“दार उघडं टाका आणि ओरडा. परत येऊन दाबा.”

वहिनी ओरडल्या. समोरच्या घरातला निवृत्त शिंपी दारात आला, उंबऱ्यावर थबकला, एकदा भिंतीवरच्या पत्रकाकडे आणि एकदा जमिनीवरच्या साहेबांकडे बघितलं, आणि चप्पल बाहेर काढून आत आला. पुढची साडेतीन मिनिटं त्याने दाबलं. शिलाई मशीन चालवलेल्या माणसाची लय, मास्तरणीला मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. तरी ती मोजत राहिली.

लांब्याने पोशाख गाडी चालू असतानाच चढवला होता. ते नियमाविरुद्ध होतं. यादीवर खुणा केल्या नव्हत्या, तेही नियमाविरुद्ध होतं. त्यामुळे वाचलेली सहा मिनिटं घेऊन तो थेट वर गेला. यंत्राच्या पट्ट्या लावल्या. पडद्यावर रेषा थरथरत होती. फुप्फुसांनी अजून तग धरला होता आणि मार बसला होता तो हृदयाच्याच नळीत. या आजारात रक्ताच्या गाठी होतात, त्यातली एक तिथे जाऊन अडकली होती. दुसऱ्या शॉकला नाडी लागली.

“लागली,” लांब्या फोनवर म्हणाला.

मास्तरणीने हेडफोन काढला, न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन पुढचा फोन घेतला. त्या फोनवर एका माणसाला फक्त दवाखान्याची वेळ हवी होती. तिने ती सांगितली.

साहेब सतरा दिवस दवाखान्यात होते. वहिनींना ताप आला तो तीन दिवसांत उतरला. शिंप्याला काहीच झालं नाही. मास्तरणीला मात्र दुसऱ्याच सकाळी ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. नमुना कोरा ठेवून फोन बंद केला की संगणक आपोआप ती नोटीस काढायचा, आणि खाली उपप्रमुखांची सही आपोआप उमटायची. म्हणजे साहेब अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडलेले असताना त्यांनी तिला विचारलं होतं की त्यांचा जीव वाचवताना प्रक्रियेचा भंग का केला, याचा खुलासा सात दिवसांत करावा. लांब्याला तशीच दुसरी नोटीस आली, पोशाखाची.

तिने खुलासा लिहिला. ‘वेळ नव्हता.’ कार्यालयाने तो परत पाठवला. खुलासा किमान एक पान असावा, असं परिशिष्टात होतं. तिने तेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून पान भरून काढलं. पुढची चौकशी मात्र अडली, कारण ती करायचा अधिकार फक्त उपप्रमुखांना होता.

दोन महिन्यांनी साहेब रुजू झाले. बारा किलो उतरले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. शिंकायचं झालं की छातीशी उशी धरायचे, बरगड्या अजून पुरत्या जुळल्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मास्तरणीची फाइल मागवली आणि तिला बोलावलं. टेबलावर त्या दिवशीच्या फोनचं ध्वनिमुद्रण लावलं. नियमच होता तसा.

दोघांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ‘तो अकरावा प्रश्न आहे’ हे वाक्य आलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बरगडी मोडल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आला होता, तेव्हा त्यांचा हात आपोआप तिथे गेला. शिंप्याने दाबायला सुरुवात केल्यावर वहिनींचं रडणं ऐकू येत होतं. ते त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. घरी वहिनींनी त्यांना फक्त ‘गाडी वेळेवर आली’ एवढंच सांगितलं होतं.

मुद्रण संपलं. साहेबांनी चष्मा परत घातला.

“प्रश्न एक ते दहा तुम्ही विचारले नाहीत,” ते म्हणाले. “म्हणजे आरोप खरा आहे.”

“हो साहेब.”

“विचारले असते तर मी इथे नसतो. हेही खरं आहे.”

“हो साहेब.”

“पहिल्या दिवशी एक गृहस्थ गेले, तुम्ही मला सांगायला आला होतात. तेव्हा मी तुम्हाला वेगाने वाचायला सांगितलं.” ते टेबलाकडे बघत बोलत होते. “त्या घरी काय सांगायचं?”

मास्तरीण म्हणाली, “त्यांचंही मुद्रण आहे. ते ऐका.”

साहेबांनी त्या दुपारी ते ऐकलं. दार लावून ऐकलं, म्हणून बाहेर कुणाला काही कळलं नाही. चार वाजता ते बाहेर आले आणि चहा न घेता घरी गेले.

पुढच्या सोमवारी नवीन नमुना निघाला. त्यात प्रश्न दोनच होते. शुद्धीवर आहे का आणि श्वास नीट चालू आहे का. दोन्हींना ‘नाही’ आलं की तोंडावर कापड टाकायला सांगून लगेच छाती दाबायला लावायचं. साथीचे प्रश्न गाडीवाल्यांनी विचारायचे, पोशाख गाडीतच घालायचा. मास्तरणीने पान उलटून बघितलं. मागे काहीच जोडलेलं नव्हतं. साहेबांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीतला परिशिष्ट नसलेला तो पहिला कागद, आणि म्हणून मोठ्या साहेबांच्या कार्यालयाने तो ‘अपूर्ण’ असा शेरा मारून दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा साहेब स्वतः घेऊन गेले. शर्टाची वरची बटणं काढून त्यांनी तिथल्या सचिवाला शॉकच्या पट्ट्यांचा व्रण दाखवला म्हणतात. कागद मंजूर झाला.

चौकशीचा निकाल एका पाकिटात आला. आत दोन पत्रं होती. एकात प्रक्रियेचा भंग केल्याबद्दल समज दिली होती, दुसऱ्यात प्रसंगावधानाबद्दल कौतुक होतं. दोन्हींवर एकच तारीख आणि एकच सही. लांब्यालाही तसंच पाकीट मिळालं. त्याने समजेचं पत्र गाडीत चिकटवलं आणि कौतुकाचं हरवलं.

नमुना बदलला म्हणून साथ काही बदलली नाही. मास्तरणीच्या टेबलावरून पुढच्या दोन महिन्यांत अठरा घरांत छाती दाबली गेली. त्यातली दोन माणसं घरी परत आली. खोकल्याने आधीच बेजार झालेल्या अकरा जणांपैकी एकही नाही.

त्या अकरांतल्या एकीची मुलगी पंधरा दिवसांनी मास्तरणीला शोधत कार्यालयात आली. आईला वाचवायला तिने एकटीने नऊ मिनिटं दाबलं होतं. मास्तरणीला तिने विचारलं, “माझं काही चुकलं का, एवढंच मला विचारायचंय. कदाचित मी नीट दाबलं नसेल.”

मास्तरणीने तिला बसायला खुर्ची दिली आणि मुद्रण लावून तिच्यासमोरच पुन्हा ऐकलं.

“तुम्ही बरोबर दाबलंत,” ती म्हणाली. “वेगही बरोबर होता. आईंची फुप्फुसं आजाराने आधीच थकली होती. ते तुमच्या हातात नव्हतं.”

मुलीने रुमालाची घडी उलगडली, परत घातली. मग म्हणाली, “माझ्या दोन मावश्या आहेत. एकट्याच राहतात, शेजारी शेजारी. त्यांना हे शिकवाल का?”

“शनिवारी दुपारी घेऊन या,” मास्तरीण म्हणाली. “गुडघ्यांखाली घ्यायला काहीतरी मऊ आणा. इथली फरशी फार टोचते.”